हुर्र फितूर होता का?

दोस्तांनो, ऐन लढाईत बाजू बदलणाऱ्याला आपण काय म्हणतो? फितूर! पण एक सरदार असा होऊन गेला, की बाजू बदलली म्हणूनच लोक त्याचं नाव आदरानं घेतात.

त्याचं नाव हुर्र. साल ६८०. यजीदला खलिफा मानायला पैगंबरांचे नातू हुसेन यांनी साफ नकार दिला होता. मक्केहून ते इराककडे निघाले, तेव्हा त्यांना अडवायला हुर्र १,००० स्वार घेऊन आला. रणरणतं ऊन! स्वारांचे घसे सुकलेले. हुसेन यांनी काय केलं, ठाऊक आहे? अडवायला आलेल्यांनाच पाणी पाजलं, त्यांच्या घोड्यांनासुद्धा!

पुढे करबलात यजीदच्या हजारोंच्या फौजेनं हुसेन यांना वेढलं. त्यांच्याकडे लढणारे जेमतेम ७२. फौजेनं फुरात नदीचं पाणीही तोडलं. लहान मुलं तहानेनं कासावीस झाली.

मोहरमची १० तारीख, म्हणजे १० ऑक्टोबर, उजाडली. हुर्र थरथर कापत होता. हा शूर गडी भ्यायला की काय? छे! त्याचं मन त्याला खात होतं. त्यानं घोड्याला टाच मारली, थेट हुसेन यांच्याकडे गेला आणि माफी मागितली. त्यांनी ती दिली. त्याच दिवशी हुर्र त्यांच्या बाजूनं लढता लढता शहीद झाला. हुसेनही शहीद झाले.

मोहरमला ठिकठिकाणी पाणी, सरबत वाटतात ना? ते करबलातल्या त्या तहानेच्या आठवणीनं, बरं का!

आता आई-बाबांशी जरा वाद घाला : निष्ठा हुकमाशी ठेवायची, की न्यायाशी?