दृश्यमाया आणि झाशीची राणी

झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर (निधन १८५३) यांस नाट्यकलेचा मोठा शौक होता. नगरात त्यांची नाटकशाळा होती. दिव्यांच्या उजेडात रंगविलेला चेहरा दिसावा आणि प्रेक्षकाने त्यास राजा वा देव मानावे, हा रंगभूमीचा जुनाच संकेत होय. त्याच गंगाधररावांच्या राणीस २०१५ साली एका व्हिडिओ गेममध्ये पात्ररूप लाभले. तो संकेत संगणक कसा पाळतो, हे त्या निमित्ताने पाहता येते.

‘द ऑर्डर : १८८६’ हा तो खेळ. ‘रेडी ॲट डॉन’ या अमेरिकन संस्थेने तो प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी रचला. त्यातील लंडन कल्पित आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली लक्ष्मीबाई तेथे अठ्ठावीस वर्षांनंतरही हयात असून बंडखोरांचे नेतृत्व करते.

या खेळातील प्रत्येक चित्र १९२० × ८०० बिंदूंचे, म्हणजे सुमारे साडेपंधरा लाख बिंदूंचे असते. आणि अशी तीस चित्रे यंत्र दर सेकंदास काढते. चित्रपटाची फीत आधीच तयार असते. येथे मात्र खेळाडूने नजर डावीकडे वळवेपर्यंत डावीकडचे चित्र अस्तित्वातच नसते. सेकंदाच्या तिसाव्या भागात त्रिकोणांच्या जाळीतून वस्तूंचे आकार उभे राहतात, प्रकाश कोठून येतो हे ठरते, ओला दगड किती चकाकेल आणि लोकर किती, याचे गणित सुटते. जादू म्हणावयाची ती हीच.

कलेचा भाग याहून निराळा आहे, आणि अधिक मनोरंजकही. निर्दोष, स्वच्छ चित्र काढणे यंत्रास अवघड नाही. रचनाकारांनी मात्र त्यात मुद्दाम दोष घातले : भिंगामुळे येणारी विकृती, फितीवरचे कण, चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या. प्रेक्षकाचा डोळा सिनेमास सरावलेला असल्याने दोषयुक्त चित्रच त्यास अधिक खरे वाटते, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि चित्र खेळाडूच्या हालचालीनुसार घडले, तरी कथा आधीच बांधलेली आहे. खेळाडूस गॅलहॅड नावाच्या सरदाराची भूमिका मिळते. राणी त्याच्या हाती कधीच येत नाही. पुष्कळ प्रसंगी तर दाखविलेली कळ दाबण्यापलीकडे त्यास काही करावयाचे नसते.

वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात काल्पीच्या परिसरातील एक भेट आहे. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते. गोडसे पाणी काढून देऊ पाहतात. विद्वान ब्राह्मणास हे श्रम नकोत म्हणून ती स्वतःच पाणी काढते. धूळ, दोर, मातीचे भांडे, पाण्यावरचा उजेड : यांपैकी एकही गोष्ट त्या यंत्रास असाध्य नव्हती. पण माहीत असलेल्याच राणीचे चित्र रचनाकार काढणार, आणि लंडनच्या कथेत या विहिरीस जागा नव्हती. खेळाचा शेवट पुढील भागाची अपेक्षा ठेवून केला होता. तो भाग निघाला नाही, आणि २०२४ मध्ये संस्थाही बंद पडली.