दहा दिवसांची झोप

समजा, लालबागच्या चाळीतला पंधरा वर्षांचा मुलगा. सर्दी-ताप येऊन जातो आणि पोरगा झोपायला लागतो, दिवसाचे सोळा-अठरा तास. हलवलं तर उठतो, संडासला जाऊन येतो, समोर येईल ते हावरटासारखं खातो, पुन्हा आडवा होतो. बोलणं तुटक, बालिश. सगळं स्वप्नात चाललंय असं म्हणतो. चिडतो, कधी भलतंच निर्लज्ज वागतो. गणपती बसले तेव्हा झोपलेला हा मुलगा विसर्जनाच्या सुमारास जागा होतो आणि पूर्वीसारखाच हसू-बोलू लागतो. मधलं त्याला अर्धवटच आठवतं. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

हा क्लाइन-लेविन सिंड्रोम. दहा लाखांत एक ते पाच जणांना होणारा, बहुधा किशोरवयात सुरू होणारा, मुलग्यांत जास्त दिसणारा. परळचं केईएम रुग्णालय १९२६ सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रँकफर्टच्या विली क्लाइने यांनी असे रुग्ण नोंदवले होते.

झोपेचा असा झटका चालू असताना मेंदूचा स्कॅन केला, तर बऱ्याच रुग्णांत थॅलॅमस आणि हायपोथॅलॅमसकडे रक्त कमी पोचताना दिसतं. झोप, भूक, कामेच्छा यांचा कारभार हायपोथॅलॅमसकडे असतो, म्हणून ही लक्षणं एकत्र येतात. मूळ कारण मात्र अजून पक्कं सापडलेलं नाही.

निदान करणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआय, ईईजी करायचे ते मेंदूज्वर, गाठ, फिट्स नाहीत ना हे बघायला. इथेच घोळ होतो. घरचे आळस किंवा बाहेरची बाधा म्हणतात, कुणाला नशेचा संशय येतो, नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियाचा शिक्काही बसतो. मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते दोन झटक्यांमधले दिवस. त्या काळात झोप, वागणं, बुद्धी ठीक असते. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनांत, झटका कधी सुरू झाला, कधी संपला, आधी ताप होता का, हे लिहावं. ते पान ओपीडीत न्यावं. केईएममध्ये मेंदूविकार आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. दोघांनीही मुलाला बघावं.

झटक्याच्या काळात त्याला घरीच झोपू द्यावं, खाण्यावर लक्ष ठेवावं, रस्त्यावर किंवा लोकलला एकटं सोडू नये. झटके वारंवार आले तर डॉक्टर लिथियम देतात. त्याची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते. वर्षांगणिक झटके विरळ होतात, बहुतेकांचे पुढे थांबतात, पण त्याला दहा-बारा वर्षंही लागतात. तेवढ्यात दहावी-बारावी येते. निदान झाल्याबरोबर डॉक्टरांचं पत्र शाळेत देऊन ठेवावं.