गॉर्बल्स : एका उपनगराचीं तीन रूपें

स्कॉटलंडमधील ग्लासगो हें शहर क्लाईड नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलें आहे. उत्तर तीरावर जुनें कॅथीड्रल, विद्यापीठ, पेढ्या आणि बाजारपेठा आहेत. आणि पूल ओलांडून दक्षिण तीरावर उतरलें कीं गॉर्बल्स हें उपनगर लागतें. अंतर इतकें थोडें. परंतु ह्या वस्तीला शहरानें शतकानुशतकें परकीच मानिलें. दोनशें वर्षांत येथें तीन वेळां नवीं घरें उभीं राहिलीं आणि दोन वेळां तीं जमीनदोस्त करण्यांत आलीं. दोन्ही वेळां पाडणारांचा हेतु चांगला होता. पण पहिल्या वेळीं तरी त्या घरांत राहणारांस कोणीं फारसें विचारलें नव्हतें. घर कशानें बिघडतें, दगडविटांनीं कीं व्यवस्थेनें, ह्या प्रश्नाचें उत्तर गॉर्बल्सच्या इतिहासांत सांपडण्यासारखें आहे.

मध्ययुगांत पुलाच्या ह्या टोकाशीं कुष्ठरोग्यांचें एक इस्पितळ होतें. शहराला जें डोळ्यांआड हवें तें नदीपलीकडे, अशी ही वाट फार जुनी आहे. १६५० मध्यें येथील जमीन ग्लासगो शहर, हचिसन बंधूंची धर्मादाय संस्था आणि कारागिरांच्या श्रेणींचें मंडळ ह्यांच्या हातीं आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिची वांटणी झाली व हचिसनटाउन आणि ट्रेड्स्टन हीं नांवें रूढ झालीं. पुढें १८४६ मध्यें गॉर्बल्स ग्लासगो शहरांत समाविष्ट झालें.

त्यापूर्वीं ह्या भूमीला वैभवाचें एक स्वप्न पडून गेलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लॉरी नांवाच्या बंधूंनीं नदीकाठीं श्रीमंतांसाठीं नवी वस्ती आंखली. रस्त्यांना नॉर्फोक, बेडफर्ड, पोर्टलंड अशीं इंग्रज सरदारघराण्यांचीं नांवें दिलीं. १८०२ च्या सुमारास सुरू झालेली कार्ल्टन प्लेस ही पीटर निकल्सन ह्या शिल्पज्ञानें योजिलेली घरांची प्रौढ रांग आजही नदीकडे तोंड करून उभी आहे. परंतु थोड्याच वर्षांत दक्षिणेच्या अंगाला विल्यम डिक्सनचा लोखंडाचा कारखाना निघाला. त्याच्या भट्ट्यांच्या ज्वाळांनीं रात्रीचें आकाश तांबडें होई, म्हणून लोक त्याला ‘डिक्सन्स ब्लेझेस’ म्हणूं लागले. तो १९५८ पर्यंत चालला. धूर, काजळी आणि कोळशाच्या गाड्या ह्यांच्या शेजारीं श्रीमंत कोठून राहणार? पैसेवाले शहराच्या पश्चिमेस निघून गेले. त्यांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत पडद्या घालून एकाच्या जागीं चार बिऱ्हाडें आलीं, आणि उरलेल्या जागेवर चाळी उठल्या.

ग्लासगोची चाळ, जिला तिकडे ‘टेनमेंट’ म्हणतात, ती बांधणीनें कांहीं दुबळी वस्तु नव्हती. वालुकाश्माच्या जाड भिंती, बहुधा चार मजले, रस्त्यालगत सलग दर्शनी बाजू, आंत जाण्यास बोळासारखा एक सामाईक मार्ग आणि त्यांतून वर चढणारा दगडी जिना. ह्या बोळाला ‘क्लोज’ म्हणत. मागें सर्वांचें मिळून एक आंगण. त्यांत धुण्याची खोली, कचऱ्याची जागा आणि दोऱ्यांवर वाळणारे कपडे. शहरें उंच बांधण्याची ही रीत स्कॉटलंडांत कां रुजली ह्याचें एक कारण तेथील जमिनीच्या कायद्यांत होतें. ‘फ्यू’ पद्धतीनें जमीन घेणारा ती कायमची घेई. पण मूळ मालकास दरसाल ठरलेला फाळा त्यानें अखंड देत रहावें, अशी अट असे. फाळा पुढें वाढवितां येत नसल्यामुळें मालक आरंभींच तो भारी ठरवी. आणि बांधणारा तो वसूल करण्यासाठीं त्याच जमिनीवर मजल्यावर मजले चढवी. ही सरंजामी पद्धत स्कॉटलंडांतून पूर्णपणें नाहींशी झाली ती २००४ सालीं.

तेव्हां दोष दगडाचा नव्हता. दोष एका दगडी खोलींत किती माणसें कोंबावयाचीं ह्याचा होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागांतून जमिनीवरून हुसकलेले शेतकरी आले. १८४५ नंतरच्या दुष्काळांत आयर्लंडमधून उपाशी कुटुंबें आलीं. १८८१ नंतर रशियन साम्राज्यांतील छळाला कंटाळून यहुदी आले आणि १९०१ मध्यें त्यांचें मोठें सिनेगॉग येथें उघडलें. विसाव्या शतकांत पंजाबांतून आलेले फेरीवाले पाठीवर कापडाचीं गांठोडीं घेऊन ह्याच गल्ल्यांतून बिऱ्हाडें करूं लागले. आज नदीकाठीं दिसणारी, १९८४ मध्यें उघडलेली मोठी मशीद ही त्या वसाहतीचीच पुढील पिढ्यांची खूण होय. चहाच्या पुड्यांवर ज्याचें नांव हिंदुस्थानांत घरोघर पोंचलें तो थॉमस लिप्टन आयर्लंडहून आलेल्या अशाच एका कुटुंबांत गॉर्बल्सला जन्मला, आणि येथीलच स्मशानभूमींत त्याचें दफन झालें.

एका खोलीच्या बिऱ्हाडाला ‘सिंगल एंड’ म्हणत. त्याच खोलींत चूल, त्याच खोलींत भिंतीच्या कोनाड्यांत बसविलेली खाट, तेथेंच बाळंतपण आणि तेथेंच मरण. १८८१ च्या खानेसुमारीच्या वेळीं ग्लासगोंतील सुमारें चतुर्थांश लोक अशा एका खोलींत रहात होते. शहराचे आरोग्याधिकारी डॉक्टर जेम्स बर्न रसेल ह्यांनीं १८८८ मध्यें ‘एका खोलींतील जीवित’ ह्या विषयावर व्याख्यान दिलें. आंकड्यांनीं जें मनावर ठसत नाहीं तें त्यांनीं एका साध्या गोष्टीनें ठसविलें: अशा खोलींत मूल दगावलें तर त्याचें प्रेत दफन होईपर्यंत त्याच खोलींत रहावयाचें, आणि जिवंत माणसांनीं त्याच्याच शेजारीं जेवावयाचें नि झोपावयाचें.

गर्दीला आळा घालण्यासाठीं १८६२ च्या कायद्यानें एक विलक्षण उपाय योजिला होता. ज्या घराची आंतील पोकळी दोन हजार घनफुटांहून अधिक नाहीं, त्याच्या दारावर धातूची एक चकती ठोकावयाची आणि तीवर आंत किती माणसांनीं झोपावें हें लिहावयाचें. आठ वर्षांवरील माणसामागें तीनशें घनफूट, त्याहून लहान मुलामागें त्याच्या निम्में, असा हिशेब होता. चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घेतली तर तींत सहा प्रौढ माणसें निजणें कायद्यास मान्य होतें! ह्या आंकड्याची शहानिशा करण्यासाठीं तपासनीस अपरात्रीं दार ठोठावीत, आणि जादा माणसें कपाटांत, खाटेखालीं, नाहींतर छपरावर जाऊन दडत. चकतीनें गर्दी मोजली. कमी मात्र केली नाहीं. कारण जादा माणूस दडे तो हौसेनें नव्हे. त्याच्यावांचून भाडें भरणें घरच्यांना शक्य नसे, किंवा त्याला दुसरीकडे कोठें आसरा नसे.

ह्याच वस्तींत अलेक्झांडर थॉमसन ह्या श्रेष्ठ वास्तुशिल्पज्ञानें १८५६–५७ मध्यें कॅलेडोनिया रोडवर ग्रीक धर्तीचें एक देऊळ उभारिलें. उंच चौथऱ्यावरील स्तंभांची रांग आणि बाजूचा सरळसोट मनोरा आसपासच्या काजळलेल्या चाळींतून उठून दिसे. १९६५ मध्यें आगीनें त्याचें छप्पर व अंतर्भाग गेला. आतां नुसता सांगाडा उरला आहे. तथापि गरिबांच्या वस्तींत गंभीर सौंदर्य शोभत नाहीं असें म्हणणारांस तो सांगाडाही पुरेसें उत्तर देतो.

पहिल्या महायुद्धांत घरमालकांनीं भाडीं वाढविलीं, तेव्हां शेजारच्या गोव्हन भागांत मेरी बार्बर ह्या बाईच्या पुढाकारानें स्त्रियांनीं भाडें न देण्याचा लढा उभारिला. तो इतका पसरला कीं १९१५ मध्यें पार्लमेंटला भाडीं गोठविणारा कायदा करावा लागला. भाडेकरूंस ह्यानें मोठा दिलासा मिळाला. परंतु भाडें वाढत नाहीं म्हणून मालकांनीं डागडुजीवरचा हात आंखडला, आणि हा खर्च दुसऱ्या कोणीं उचलावा अशी व्यवस्था झाली नाहीं. छपरें गळूं लागलीं, नळ्या तुंबल्या, जिन्यांतील सामाईक शौचकूपांची दुर्दशा झाली. १९३५ मध्यें गॉर्बल्समधील वस्तऱ्यानें मारामाऱ्या करणाऱ्या टोळ्यांवर ‘नो मीन सिटी’ ही कादंबरी निघाली आणि वस्तीचें नांव देशभर बदनाम झालें. १९४८ मध्यें बर्ट हार्डी ह्यांनीं एका सचित्र साप्ताहिकासाठीं घेतलेल्या छायाचित्रांनीं तेथील दैन्य घराघरांत पोंचविलें.

ह्या चित्रांत जें सहसा येत नसे तेंही सांगितलें पाहिजे. जिना धुण्याची पाळी ज्या बिऱ्हाडाची असेल त्याच्या दाराला एक पाटी अडकविली जाई. पाळी झाली कीं ती शेजारच्या दारावर जाई. मागच्या आंगणांत खेळणारीं मुलें वरच्या खिडक्यांतून दहा आयांच्या नजरेखालीं असत. कोपऱ्यावरचा दुकानदार आठवड्याची उधारी ठेवी. १९४५ मध्यें ‘सिटिझन्स थिएटर’ ही नाट्यसंस्था ह्याच वस्तींतील जुन्या नाट्यगृहांत येऊन राहिली. घरें कुजत होतीं. शेजार मात्र शाबूत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासगोच्या कॉर्पोरेशननें सर्वच पाटी कोरी करावयाचें ठरविलें. १९५७ मध्यें हचिसनटाउन-गॉर्बल्सच्या संपूर्ण पुनर्रचनेची योजना मंजूर झाली. चाळींबरोबर रस्त्यांची जुनी आंखणी, दुकानें आणि गुत्तेही नकाशावरून पुसले गेले. हजारों कुटुंबांना शहराच्या कडेवरील कासलमिल्क, ड्रमचॅपल आणि ईस्टरहाउस ह्या नव्या वसाहतींत, किंवा ईस्ट किलब्राइडसारख्या नव्या गांवीं पाठविण्यांत आलें. तेथें हवा, उजेड आणि स्वतंत्र न्हाणीघर होतें, आणि ज्यांनीं जन्मांत स्वतःची न्हाणी पाहिली नव्हती त्यांना हें सुख थोडें वाटलें नाहीं. परंतु दुकान दूर, काम दूर, आणि ओळखीचें माणूस त्याहूनही दूर.

गॉर्बल्समध्यें जें नवें उठलें त्यांत क्वीन एलिझाबेथ स्क्वेअर सर्वांत गाजला. कॉव्हेंट्रीचें नवें कॅथीड्रल बांधणारे सर बेझिल स्पेन्स ह्यांनीं त्याची योजना केली, आणि १९६१ मध्यें राणीच्या हस्तें कोनशिला बसली. काँक्रीटच्या दणकट खांबांवर तोललेल्या वीस मजली इमारती, आणि त्यांना मोठाले सज्जे, असें तें काम होतें. जुन्या मागच्या आंगणांना उंच आकाशांत नेऊन ‘झुलत्या बागा’ कराव्या आणि धुण्याच्या दिवशीं इमारत शिडें उभारलेल्या जहाजासारखी दिसावी, अशी त्या शिल्पज्ञाची कल्पना! कल्पना रम्य होती. पण क्लाईडच्या खोऱ्यांतील पाऊस नि वारा तींत धरला नव्हता. खांबांमधून वारा घोंघावे, सज्ज्यांत बसवेना, घरें ओलीं राहत आणि लिफ्ट वारंवार बंद पडे.

दुसऱ्या एका विभागाची गत त्याहून वाईट झाली. कारखान्यांत ओतलेले काँक्रीटचे तक्ते जागेवर आणून जोडण्याची परदेशी पद्धत तेथें वापरली होती. १९७० नंतरच्या दशकांत लोक रहावयास आले आणि लौकरच भिंतींवर काळी बुरशी चढली. कपडे, गाद्या कुजूं लागल्या. तक्रार नेली तर अधिकारी म्हणत कीं ओल इमारतीची नव्हे, भाडेकरूंच्या राहणीची आहे. त्यांनीं खिडक्या उघडाव्या, शेगड्या अधिक पेटवाव्या. १८६२ मध्यें दारावर चकती ठोकणारी आणि ही वृत्ति एकाच कुळांतली. फरक इतकाच कीं ह्या खेपेस रहिवाशांनीं ओलीविरुद्ध संघटना उभारिली, भाडीं अडविलीं, घरोघर पाहणी केली आणि दोष बांधणीचाच आहे हें जगापुढें मांडलें. अखेर त्या इमारती ओस पडल्या व १९८७ मध्यें पाडण्यांत आल्या. स्पेन्स ह्यांच्या इमारती सप्टेंबर १९९३ मध्यें सुरुंगानें उडविल्या. त्या वेळीं उडालेल्या तुकड्यानें पहावयास आलेली एक स्त्री मृत्यु पावली. पाऊणशें-शंभर वर्षें टिकलेल्या चाळींच्या जागीं आलेल्या ह्या घरांचें आयुष्य तीस वर्षेंही भरलें नाहीं.

तिसरें रूप १९९० पासून घडूं लागलें. क्राउन स्ट्रीट भागासाठीं पिअर्स गॉफ ह्या शिल्पज्ञाची योजना निवडली गेली, आणि ह्या खेपेस स्थानिक लोकांशीं विचारविनिमयही झाला. योजनेंत काय होतें? रस्त्यालगत चार मजली सलग घरें, खालीं कोपऱ्यावर दुकानें, मागें सामाईक बाग! मुलेंबाळें असलेल्या कुटुंबांना खालचे मजले आणि स्वतःचें रस्त्यावरील दार मिळालें. कांहीं घरें विकत, कांहीं भाड्यानें दिलीं. म्हणजे तीस वर्षांपूर्वीं रोग म्हणून जी चाळ कापून टाकिली, तिचाच आराखडा औषध म्हणून परत आला. २०१० नंतर लॉरीस्टनमध्येंही ह्याच धर्तीवर घरें उठलीं आहेत. भेद एवढाच कीं ज्या जागेंत पूर्वीं चार बिऱ्हाडें होतीं तेथें आतां एक आहे, न्हाणीघर आंत आहे, आणि दुरुस्ती कोणीं करावयाची हें आधीं ठरलेलें आहे.

परंतु हा भेदच सर्व कांहीं आहे. जुन्या चाळी पाडावयासच नको होत्या असें म्हणणें भाबडेपणाचें होईल; डॉक्टर रसेल ह्यांनीं वर्णिलेल्या खोलींत कोणीं परत जाऊं नये. तथापि गर्दी, भाडें आणि डागडुजी ह्या तीन गोष्टींचा बंदोबस्त न करितां केवळ भिंती बदलल्या, तर रोग नव्या भिंतींतही शिरतो, हें गॉर्बल्सनें काँक्रीटांत लिहून दाखविलें. आणि दुसरी गोष्ट अशी कीं रस्ता पुन्हा आंखतां येतो, जिना पुन्हा बांधतां येतो. पण जिना धुण्याची पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर नेणारीं माणसें एकदां चार दिशांना पांगलीं म्हणजे तीं कोणत्याही आराखड्यानें परत आणतां येत नाहींत.