कराच्या नोटिशीचा विमा घ्यावा काय?

पेंचच्या कालव्याला पाणी सुटले आणि धानाची रोवणी लागली की पारशिवनी तालुक्यातील ट्रॅक्टरला रात्रंदिवस उसंत नसते. आधी चिखलणी, मग धानाचे चुरणे, रब्बीत गहू-हरभऱ्याची पेरणी आणि उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या पांदण रस्त्यावर मुरूम टाकणे, असे वर्षभर काम निघते. घरचे चार-पाच एकर वावर आणि कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर, यावर संसार चालवणारे तरुण आता गावोगावी आहेत. हे तरुण कास्तकारही आहेत आणि ठेकेदारही. कराच्या बाबतीत अडचण येथूनच सुरू होते.

ग्रामपंचायत बिल देताना टीडीएस कापते. कापलेली रक्कम पॅन क्रमांकासह आयकर खात्याकडे जमा होते. इकडे बँकेच्या खात्यात भाड्याची रक्कमही दिसते. मग एक दिवस मोबाईलवर संदेश येतो, आणि पहिला प्रश्न हाच असतो, ‘साहेब, मी तं कास्तकार आहो. मले कायचा टॅक्स?’ याच सुमारास एखादा सल्लागार भेटतो. ‘वर्षाला एवढे द्या, नोटीस आली तर आम्ही पाहून घेऊ,’ असे तो सांगतो. हा एक प्रकारचा विमाच झाला. तो घ्यावा काय, याचा विचार करू.

असा विमा परदेशात खराच विकला जातो. ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून ‘आयआर ३५’ नावाचा नियम आहे. स्वतःला स्वतंत्र ठेकेदार म्हणवणारा माणूस प्रत्यक्षात नोकरासारखाच राबतो काय, हे त्यात तपासतात. नोकर ठरला तर कर वाढतो. म्हणून तेथील ठेकेदार चौकशीचा विमा काढतात. त्यातून मुख्यतः सल्लागाराची फी मिळते. कराची रक्कमही भरून देणाऱ्या पॉलिसी वेगळ्या असतात. तेथे प्रश्न ‘नोकर की ठेकेदार’ असा असतो. आपल्याकडे तो ‘कास्तकार की धंदेवाला’ असा आहे.

या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. राजा विनयकुमार सहास राय यांच्या प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीवर नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ कामे झाली असतील तरच त्या पिकाचे उत्पन्न शेतीचे. म्हणून आपल्या वावरातील धान, कापूस, संत्र्याचे उत्पन्न शेतीचे आणि आयकरातून मुक्त. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही २००८ च्या दुरुस्तीने शेतीचे धरले गेले. परंतु दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवून मिळालेले भाडे हे धंद्याचे उत्पन्न आहे. मुरुमाचा ठेका, दूध, कोंबडीपालन हाही धंदाच. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून भाडे शेतीचे होत नाही. आयकराचा नवा कायदा २०२५ मध्ये झाला व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, हे तत्त्व बदलले नाही.

आता भीती किती धरायची ते आकड्यांत पाहू. समजा वर्षभरात ट्रॅक्टरच्या कामाचे ६ लाख रुपये आले. त्यातील दीड लाख ग्रामपंचायतीचे. ठेक्याचे एक बिल ३० हजारांहून किंवा वर्षाची बिले मिळून १ लाखाहून जास्त झाली, की एकट्या व्यक्तीच्या बिलातून १ टक्का कापतात. म्हणजे १,५०० रुपये. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के, म्हणजे ३० हजार रुपये. लहान धंद्यासाठी अंदाजे नफ्याची सोय आहे. रोखीच्या जमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवावा. सगळे रोखीने आले असे धरले तरी ६ लाखांवर ८ टक्क्यांनी नफा ४८ हजार. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून ४ लाखांपर्यंत कर नाही. दुसरे करपात्र उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि कापलेले १,५०० रुपये रिटर्न भरून परत मिळतात. असा माणूस नोटिशीच्या भीतीने सल्लागाराला दरवर्षी चार-पाच हजार देत असेल, तर तो आपलेच नुकसान करून घेतो.

खरा धोका दुसरीकडे आहे. हेच भाडे ‘शेती उत्पन्न’ म्हणून रिटर्नमध्ये दाखवले आणि त्यावर कर निघत असला, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसरा धोका जीएसटीचा. नांगरणी, पेरणी, कापणी आणि शेती औजारांचे भाडे यांवर जीएसटी नाही. परंतु त्यासोबत खासगी बांधकामावर खोदाईचे काम केले, तर नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना शेतीकामाची माफ रक्कमही धरतात. शेतीकाम १६ लाख आणि खोदाई ५ लाख असेल तर २१ लाख झाले, नोंदणी करावी लागते. हार्वेस्टर आणि जेसीबी दोन्ही ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

विम्याचा अनुभव आपल्याला पीकविम्यातून आहे. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि त्यात बोगस अर्ज निघाले. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आला. विमा गारपिटीचा असतो, न पेरलेल्या पिकाचा नसतो. कराचेही तसेच. कागद खरे असतील तर सल्लागार उपयोगी पडतो. खोटे असतील तर हप्ता भरूनही सुटका नाही.

म्हणून लहान ट्रॅक्टरवाल्याने ‘नोटीस पाहून घेऊ’ या बोलीवर पैसे देऊ नयेत. ज्यांची उलाढाल मोठी, मजूर आणि यंत्रे अनेक, जिल्हा परिषदेचे ठेके चालू, त्यांनी चार्टर्ड अकाउंटंटशी वर्षाचा करार जरूर करावा. मात्र फीत काय आले ते लिहून घ्यावे : रिटर्न किती, नोटिशीचे उत्तर धरले आहे काय, अपील आले तर वेगळे किती. सगळ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. शेतीचा हिशेब आणि भाड्याचा हिशेब दोन वह्यांत ठेवावा. तारीख, कोणाचे वावर, किती तास, किती रुपये एवढे पुरे.

२. धान व कापूस विकल्याच्या पट्ट्या, सातबारा आणि पीकपेरा जपून ठेवावा. शेतीचे उत्पन्न शेतीचेच होते, हे यावरूनच सिद्ध होते.

३. भाडे शक्यतो बँकेतून घ्यावे आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवावे.

४. आयकर पोर्टलवर मोबाईल व ई-मेल आपलाच असावा. तेथे कम्प्युटर सेंटरवाल्याचा क्रमांक असला तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि मुदत आपली संपते.

५. रिटर्न भरण्यापूर्वी पोर्टलवरील फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रक पाहावे. खात्याला जे दिसते तेच त्यात असते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही सांगणे आहे. टीडीएस कापला तर तो वेळेत भरा, विवरणपत्रात पॅन नीट लिहा आणि ठेकेदाराला प्रमाणपत्र द्या. पॅनचा एक आकडा चुकला तर गरिबाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसतात आणि त्याला नागपूरच्या चकरा पडतात.

दोन वह्या आणि एक फाईल यांना शंभर-दीडशे रुपये लागतात. पुढच्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँक उत्पन्नाचा पुरावा मागते, तेव्हाही हेच कागद कामी येतात. या हंगामाचा पहिला तास चालवण्याआधी वही घ्यावी.