स्तनाचा कर्करोग बरा झाल्यानंतर : वजन, कंबर आणि साखर

स्तनाच्या कर्करोगाचा विषय एका बालरोगतज्ज्ञाने का हाती घ्यावा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या प्रतीक्षाकक्षात बसलेले असते. नातवंडाला लस टोचून घेण्यासाठी आणणारी आजी, आणि क्वचित स्वतः आईसुद्धा, या आजारातून उठलेली असते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार पार पडलेले असतात, नंतरच्या तपासण्याही निर्दोष असतात. मात्र चार-पाच किलो वजन वाढलेले असते, रक्तदाबाची गोळी नव्याने सुरू झालेली असते आणि साखर ‘जरा काठावर’ असल्याचे ती बोलता बोलता सांगून जाते. कर्करोगतज्ज्ञ गाठीकडे पाहतात, आम्ही बाळाकडे पाहतो. तिच्या कंबरेचा घेर मोजणे मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही.

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि लवकर निदान झालेल्या बहुतेक स्त्रिया पुढे दीर्घकाळ जगतात. या जगण्यावर उपचारांची सावली असते. केमोथेरपीने अनेकींची पाळी अकाली थांबते आणि चरबी पोटाकडे सरकते. उलट्या रोखण्यासाठी दिलेली स्टिरॉइड्स साखर वाढवतात. टॅमॉक्सिफेनमुळे यकृतात चरबी साठू शकते, तर अ‍ॅरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. डॉक्सोरुबिसिन, ट्रॅस्टुझुमॅब आणि डाव्या बाजूचे किरणोपचार यांचा भार काहींच्या हृदयावर पडतो. भरीस थकव्याने हालचाल मंदावते, स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते. आरंभीच्या अवस्थेतील आजारातून बऱ्या झालेल्या वयस्क स्त्रियांमध्ये पुढील काळात हृदयविकार हाच मूळ कर्करोगापेक्षा मोठा वैरी ठरू शकतो. शिवाय पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते, आणि रक्तातील वाढलेले इन्सुलिन पेशींच्या वाढीला खतपाणी घालते. म्हणजे पोटाच्या घेराचा प्रश्न हृदयाचा आहे तसाच कर्करोगाचाही आहे.

आपल्या मराठी घरांत या स्त्रीची शुश्रूषा मनापासून होते. पण ती होते बाळंतिणीसारखी. डिंकाचे लाडू, शिरा, अळिवाची खीर, वर साजूक तुपाची धार, आणि ‘तू उठू नकोस’ ही प्रेमळ ताकीद. बाळंतिणीला हे पचते, कारण अंगावर पाजताना तिचे रोजचे पाचशेच्या आसपास जादा उष्मांक दुधावाटे खर्ची पडतात. केमोथेरपी संपलेल्या स्त्रीचा असा कोणताही खर्च नसतो. उपचार चालू असताना तोंड आलेले असते, अन्न जात नाही, तेव्हा जे जाईल ते द्यावेच, त्याविषयी वाद नाही. पण उपचार संपल्यावरही हा खुराक वर्षानुवर्षे चालू राहतो. तेथे घरच्यांना थांबवणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि ते सुनेवर किंवा लेकीवर सोपवू नये. तिने लाडू नाकारला तर तो घरात आकस ठरतो.

‘पण ती कुठे लठ्ठ आहे?’ हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पुण्याने दिले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती; उणीव होती ती स्नायूंची. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपला वजनकाटा खोटे बोलतो, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ नव्हे, २३ धरतात आणि स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात. जिचे स्नायू मुळातच थोडे, त्यातून केमोथेरपीने घटलेले, तिचे वजन ‘तेवढेच’ राहिले तरी समाधान मानू नये.

उपाय कोणता? मेटफॉर्मिनकडून मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक स्तन-कर्करोग रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. आजार परतण्याला त्या गोळीने आळा बसला नाही. चालण्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीत, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, या आजाराच्या २,९८७ स्त्रियांपैकी आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी दिसले. मुळात प्रकृती बरी असलेलीच अधिक चालते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत देखरेखीखालील व्यायामाने आजार परतण्याचे प्रमाण खरोखरच घटले. तो कर्करोग वेगळा, तरी दिशा तीच दिसते.

‘त्या हाताने बादलीसुद्धा उचलू नका’ हा सल्ला आता जुना झाला. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांना हळूहळू वाढत जाणारी वजने उचलायला दिली, तेव्हा सूज वाढली नाही, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा असा व्यायाम झाला, तर गेलेले स्नायू परत मिळवता येतात.

आता आपल्या इंदूरविषयी. सकाळी पोहे-जिलेबी, त्यावर मूठभर शेव, संध्याकाळी छप्पन दुकान आणि जेवण झाल्यावर पुन्हा सराफा! पोह्यांशी माझे भांडण नाही. त्यांत मटार, शेंगदाणे घालावेत, सोबत वाटीभर दही घ्यावे आणि जिलेबी सणावारी ठेवावी. रात्रीचा सराफा मात्र सोडावा. उलट, सोयाबीनला घाबरण्याचे कारण नाही. माळव्यात पिकणारे हे धान्य ‘हार्मोन वाढवते’ म्हणून अनेकींनी वर्ज्य केले आहे. शांघायमधील पाच हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत (२००९) सोयाचे पदार्थ खाणाऱ्यांत आजार परतण्याचे प्रमाण उलट कमी होते. सोयाच्या अर्काच्या गोळ्यांना मात्र हा पुरावा लागू नाही.

वैद्यकीय बांधवांना एवढीच विनंती, की अशी स्त्री कोणत्याही निमित्ताने समोर आली, तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर व लिपिड यांची वर्षातून एकदा विचारणा करावी. केमोथेरपीनंतर रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीच्या आकड्यावर विसंबू नये. आणि कंबर मोजताना टेप साडीच्या निरीवर लावू नये. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, पातळ वस्त्रावरून, श्वास सोडल्यावर मोजावे. आमच्याकडे बाळाच्या डोक्याचा घेर मोजायची टेप असतेच, तीही चालते.