‘हेरेडिटरी’: समीक्षक फिदा, प्रेक्षक वैतागले

‘हेरेडिटरी’ (२०१८) कसा वाटला, हे चार हॉररप्रेमींना विचारा आणि बाजूला व्हा! आरी ॲस्टरचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. जानेवारीत सनडान्स महोत्सवात समीक्षकांनी डोक्यावर घेतला. जूनमध्ये अमेरिकेत झळकल्यावर मात्र ‘सिनेमास्कोर’ या प्रेक्षक-पाहणीत पहिल्या प्रेक्षकांनी दिलेली श्रेणी होती ‘डी प्लस’. म्हणजे जेमतेम काठावर.

एवढी तफावत का? ट्रेलर पाहून लोक दचकायला गेले होते. समोर आलं आजीच्या मृत्यूनंतर आतून कुजत जाणारं घर. भूतबित फार उशिरा येतं, तोवर सगळा दुखवटाच. अनेकांना हे रटाळ वाटलं. काहींची तक्रार उलटी: कुटुंबाची गोष्ट जमली होती, शेवटच्या पंथ-सैतान प्रकरणाने माती केली.

मला शेवट पटतो. कारण घराण्यामागे लागलेलं ते काहीतरी पहिल्यापासून समोरच असतं. आजीच्या गळ्यातलं चिन्ह नीट बघून ठेवा, ते पुढे रस्त्याकडेच्या खांबावर दिसतं. आजीची मुलगी ॲनी बाहुलीघरासारखी छोटी घरं बनवते आणि कॅमेरा तिचं खरं घरही तसंच दाखवतो. इथली माणसं कुणाच्या तरी हातातली खेळणी आहेत, हे यातूनच कळत जातं.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं बहुधा एकमत: ॲनी साकारणारी टोनी कोलेट. जेवणाच्या टेबलावर ती मुलावर बरसते, त्या प्रसंगात एकही भूत नाही, तरी अंगावर काटा येतो. तिला ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही, आणि चाहते अजून त्यावरून चिडलेले आहेत. मीही.