दुर्बीण ओळंब्यात हवी

बंदुकीतून सुटलेली गोळी नळीबाहेर पडताच खाली येऊ लागते. त्यामुळे लांबच्या नेमासाठी दुर्बिणीवरचा डायल फिरवून उंची वाढवावी लागते. ही वाढ सरळ वरच व्हायला हवी, आणि खरी मेख इथेच आहे. हजार मीटरवर दहा मिल (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) उंची दिली, म्हणजे नेम दहा मीटर वर गेला. दुर्बीण एका अंशाने कललेली असेल तर गोळी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जाते. तीन अंशांचा कल असेल तर अर्ध्या मीटरहून जास्त. नेमबाज दोष वाऱ्याला देत राहतो.

पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले, त्या ५० मीटर प्रकारात हा प्रश्न फारसा सतावत नाही. अंतर ठरलेले असते, दुर्बिणीला परवानगी नसते आणि रायफलचा कल दर वेळी सारखा ठेवला की भागते.

लांबच्या नेमासाठी मात्र उपाय गवंड्याच्या पेटीतला: ओळंबा. तो दूर टांगावा, रायफल आधारावर पक्की ठेवावी आणि दुर्बिणीतली उभी रेषा दोरीशी तंतोतंत जुळवावी. मग दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. घाईने आवळताना दुर्बीण हमखास फिरते, म्हणून शेवटी पुन्हा पाहावे.

दुर्बिणीच्या नळीवर छोटी पाणसळ बसवली की प्रत्येक गोळीआधी बुडबुडा मध्यावर आहे का, हे कळते. उतारावर तर ती हवीच. तिरपी जमीन डोळ्याला सहज फसवते.